सीमध्ये फंक्शनला फंक्शन पाठवताना होणारा बिघाड: लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी मुलं आणि नोकरीत नुकतेच लागलेले सहकारी जे कोड दाखवायला आणतात, त्यात एक बिघाड पुन्हा पुन्हा भेटतो. एका फंक्शनला दुसरं फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून दिलेलं असतं, आणि गडबड नेमकी त्या देवाणघेवाणीत झालेली असते. तो बिघाड पुढीलपैकी एखाद्या रूपात दिसतो:

- कंपाइलर ‘इनकंपॅटिबल पॉइंटर टाइप’ म्हणतो. जुन्या मशीनवर ही नुसती वॉर्निंग होती, नव्या मशीनवर तोच कोड एरर देऊन थांबतो.
- कंपाइलर अपग्रेड केल्यावर, कित्येक वर्षं चालणाऱ्या कोडमध्ये ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स टू फंक्शन’ येतं.
- कॉलबॅक, म्हणजे नंतर बोलवण्यासाठी दिलेलं फंक्शन, वेळेआधीच चालतो, एकदाच चालतो, आणि मग प्रोग्राम कोसळतो.
- क्यूसॉर्ट, म्हणजे दिलेल्या तुलना फंक्शनने यादी क्रमाने लावणारं सीचं तयार फंक्शन, चालतं, पण यादी जवळपास बरोबर लागते, पूर्ण बरोबर नाही. किंवा फक्त पहिल्या दोन नोंदी जागेवर येतात.
- दहा थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) सुरू केले, प्रत्येकाला वेगळा क्रमांक दिला, तरी बरेच थ्रेड एकच क्रमांक छापतात.
- सेगमेंटेशन फॉल्ट येतो आणि जीडीबी या डीबगरमध्ये सगळ्यात वरच्या ओळीत पत्ता शून्य, पुढे दोन प्रश्नचिन्हं.
- स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं ठीक, पण ऑप्टिमायझेशन लावलं किंवा ब्राउझरसाठी वेबअसेंब्लीत बिल्ड केलं की मोडतं.

खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्यापासून अवघडाकडे जातात. क्रम मोडू नका. पहिल्या तीन तपासण्यांतच बहुतेक प्रकरणं मिटतात, आणि जीडीबी उघडून बसायची वेळ येत नाही. कोडचे तुकडे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. एडिटरमध्ये ते नेहमीसारखे रोमन अक्षरांतच लिहायचे.

सगळ्या वॉर्निंग चालू करा आणि फक्त पहिली वाचा

जीसीसी किंवा क्लँग या कंपाइलरला डब्ल्यू-ऑल, डब्ल्यू-एक्स्ट्रा आणि पेडँटिक हे तीन फ्लॅग द्या. ‘पेडँटिक’ लोक वगळतात, पण या बिघाडासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. का ते पुढच्याच तपासणीत येईल.

वॉर्निंगची रांग लागली तर वरून पहिली घ्या, ती दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. फंक्शन पॉइंटरच्या (फंक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) घोषणेत एक कंस चुकला की त्याच्यामुळे खाली वीस ओळी लाल होतात, आणि त्या वीस ओळींमध्ये मुळात काहीच चुकलेलं नसतं.

इथे कंपाइलरची आवृत्तीही बघा. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने न जुळणारे पॉइंटर, घोषणेशिवाय बोलावलेली फंक्शन्स आणि पूर्णांक-पॉइंटर अदलाबदल या गोष्टी वॉर्निंगवरून थेट एररवर नेल्या. त्यामुळे ‘कालपर्यंत चालत होतं’ ही तक्रार खरी असते, पण तो कोड कालही चुकीचाच होता. एरर बंद करायचा फ्लॅग शोधू नका. हा बदल चांगल्यासाठी झाला आहे असं माझं ठाम मत आहे, कारण त्या वॉर्निंग कोणी वाचत नव्हतं.

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपाइलर चालतो. तिथे आधी फाइलच्या नावाचा शेवट बघा. नाव ‘.सीपीपी’ने संपत असेल तर ती फाइल सी प्लस प्लस म्हणून तपासली जाते, आणि व्हॉइड पॉइंटर (कुठल्याही प्रकारच्या डेटाचा पत्ता) थेट इंट पॉइंटरमध्ये घेतला की एरर येतो. सीमध्ये तीच ओळ पूर्ण वैध आहे. अशा वेळी मुलं बरोबर असलेलं तुलना फंक्शन मोडतोड करून ‘दुरुस्त’ करतात. फाइलचं नाव ‘.सी’ करा आणि मगच पुढे जा.

नावापुढचे कंस

फंक्शन *देणं* आणि फंक्शन *बोलावणं* यांत फरक फक्त दोन कंसांचा आहे.

लाव(काम) — काम हे फंक्शन लावकडे दिलं.
लाव(काम()) — काम आत्ताच चालवलं आणि त्याचं उत्तर लावकडे दिलं.

आचाऱ्याचा पत्ता द्यायचा होता आणि आपण जेवणाचा डबा पाठवला, असा हा प्रकार आहे. काम हे फंक्शन इंट परत करत असेल तर कंपाइलर ओरडतो. ते व्हॉइड असेल, म्हणजे काहीच परत करत नसेल, तरी ओरडतो. पण ते व्हॉइड पॉइंटर परत करत असेल तर जीसीसी नेहमीच्या फ्लॅगांवर गप्प बसतो. आणि थ्रेड सुरू करणाऱ्या पीथ्रेड-क्रिएटला दिलं जाणारं फंक्शन नेमकं तसंच असतं: व्हॉइड पॉइंटर घेणारं, व्हॉइड पॉइंटर परत करणारं.

म्हणजे तिसऱ्या आर्ग्युमेंटच्या जागी काम(नल) लिहिलं गेलं तर काय होतं ते पाहा. काम मुख्य थ्रेडमध्येच पूर्ण चालतं. शेवटी ते नल परत करतं. ते नल ‘फंक्शनचा पत्ता’ म्हणून नव्या थ्रेडला मिळतं. नवा थ्रेड शून्य पत्त्यावर उडी मारतो आणि प्रोग्राम कोसळतो. ‘आउटपुट तर आलं, मग क्रॅश का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. सीच्या प्रमाणात, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत (स्टँडर्डमध्ये), व्हॉइड पॉइंटर आणि फंक्शन पॉइंटर यांची अशी अदलाबदल मान्य नाही, पण जीसीसी ते फक्त पेडँटिक लावल्यावर सांगतो. म्हणून तो फ्लॅग.

उलटी चूकही होते. बोलवायचं असतं पण कंस राहतात. ‘इफ (तयार)’ असं लिहिलं आणि तयार हे फंक्शन असेल, तर अट कायम खरी ठरते, कारण फंक्शनचा पत्ता शून्य नसतो. डब्ल्यू-ऑल लावलं असेल तर कंपाइलर ‘हा पत्ता नेहमी खराच ठरेल’ अशा अर्थाची वॉर्निंग देतो.

आणि काम की &काम, यावर वेळ घालवू नका. दोन्हींचा अर्थ एकच. बोलावतानाही (*फं)(५) आणि फं(५) एकच. इथे चूक शोधणारे पुष्कळ भेटतात. इथे चूक नसते.

घोषणेतले कंस, आणि रिकामे कंस

इंट *तुलना(इंट), म्हणजे इंटचा पॉइंटर परत करणारं फंक्शन.
इंट (*तुलना)(इंट), म्हणजे इंट परत करणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर.

ताऱ्याभोवतीचे कंस गेले की अर्थ पूर्ण बदलतो. पॅरामीटरच्या जागी तुम्ही इंट तुलना(इंट) असं ताऱ्याशिवाय लिहिलं तरी सी त्याला गुपचूप पॉइंटर समजतं. पण स्ट्रक्चरच्या आत किंवा साध्या व्हेरिएबलसाठी ही सवलत नाही. म्हणून ‘पॅरामीटरमध्ये चाललं, स्ट्रक्चरमध्ये टाकल्यावर एरर’ हे लक्षण दिसलं की आधी इथेच बघा. यावर टाइपडेफ हा स्वस्त उपाय आहे. टाइपडेफ इंट (*तुलनाप्रकार)(कॉन्स्ट व्हॉइड *, कॉन्स्ट व्हॉइड *). एवढं एकदा हेडरमध्ये लिहा आणि सगळीकडे तेच नाव वापरा. कंस चुकले तरी एकाच जागी चुकतील.

आता रिकामे कंस. जुन्या सीमध्ये व्हॉइड (*हँडलर)() याचा अर्थ होता: आर्ग्युमेंट काय आहेत ते सांगितलेलं नाही. सी २३ या नव्या प्रमाणात त्याचा अर्थ झाला: आर्ग्युमेंट अजिबात नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये आलेला जीसीसी १५ वेगळं काही सांगितलं नाही तर सी २३ च्याच नियमांनी चालतो. त्यामुळे हँडलर(३) लिहिलेला जुना कोड तिथे ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’ म्हणून अडतो. जुने हेडर, जुने पार्सर, कॉलेजच्या जुन्या जर्नलमधले प्रोग्राम यांत अशा घोषणा भरलेल्या आहेत.

दुरुस्ती सरळ आहे: रिकाम्या कंसांत खरे पॅरामीटर लिहा. कोड दुसऱ्या कोणाचा असेल आणि आज संध्याकाळी बिल्ड द्यायचंच असेल, तर कंपाइलरला जुन्या प्रमाणाचा फ्लॅग, म्हणजे एसटीडी बरोबर जीएनयू१७, द्या. ती तात्पुरती सोय आहे हे बिल्ड फाइलमध्ये शेजारीच लिहून ठेवा.

क्यूसॉर्टचं तुलना फंक्शन

इथे थोडं थांबून वाचा, कारण सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो आणि कंपाइलर यातलं फार थोडं पकडतो.

पहिली गोष्ट, तुलना फंक्शनला काय मिळतं? ॲरेतला घटक मिळत नाही, घटकाचा *पत्ता* मिळतो. ॲरे इंटचा असेल तर तुमच्या हातात इंटचा पत्ता येतो. ॲरे कॅर पॉइंटरांचा असेल, म्हणजे कॅर *नावं[५०], तर हातात कॅर पॉइंटरचा पत्ता येतो: दोन तारे. त्या जागी थेट एसटीआरसीएमपी, म्हणजे दोन स्ट्रिंगची तुलना करणारं तयार फंक्शन, दिलं तर ते पॉइंटरच्या बाइट्सनाच अक्षरं समजून तुलना करतं. यादी कशीतरी लागते, प्रत्येक रनला वेगळीही लागू शकते.

पण नावं द्विमितीय असतील, कॅर नावं[५०][३०] अशी, तर घटकाचा पत्ता म्हणजेच स्ट्रिंगच्या सुरुवातीचा पत्ता. तिथे एसटीआरसीएमपी कास्ट करून (त्याचा प्रकार जबरदस्तीने बदलून) दिलं तरी नेहमीच्या मशीनवर बरोबर उत्तर येतं. एकाच बेंचवर बसलेल्या दोघांचा ‘सारखाच’ कोड एकाचा चालतो आणि दुसऱ्याचा नाही, त्याचं कारण हेच. त्यामुळे क्यूसॉर्टच्या ओळीकडे बघण्याआधी ॲरेची घोषणा बघा. दोन्ही बाबतींत योग्य मार्ग एकच: स्वतःचं तीन ओळींचं तुलना फंक्शन लिहा, आत पॉइंटर योग्य प्रकारात घ्या आणि मग एसटीआरसीएमपी बोलवा.

दुसरी गोष्ट, संख्या. फक्त पहिले दोन घटक लागले असतील तर साइझऑफ तपासा. ॲरे फंक्शनला पॅरामीटर म्हणून आला की तो पॉइंटर होतो. मग साइझऑफ ॲरे भागिले साइझऑफ एक घटक हे गणित ६४ बिट मशीनवर ८ भागिले ४, म्हणजे २ असं येतं, आणि क्यूसॉर्ट इमानेइतबारे दोनच घटक लावतं. डब्ल्यू-ऑल याची वॉर्निंग देतं. घटकांची संख्या वेगळा पॅरामीटर म्हणून द्या.

तिसरी गोष्ट, वजाबाकी. ‘रिटर्न अ - ब’ हे इतक्या ठिकाणी शिकवलं जातं की ते चुकीचं आहे हे लोकांना पटत नाही. गणित करून पाहा. अ म्हणजे २,००,००,००,००० आणि ब म्हणजे उणे तेवढेच. फरक ४,००,००,००,०००. ३२ बिट इंटमध्ये मावणारा सर्वात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. प्रमाणानुसार असा ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा न मावणं, हे अनिश्चित वर्तन: काय होईल याची हमी नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उणे २९,४९,६७,२९६ मिळतं, आणि मोठी संख्या लहान ठरते. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा, त्यामुळे तिथे तर २०,००० आणि उणे २०,००० एवढ्यावरच हा प्रकार होतो: उत्तर ४०,००० ऐवजी उणे २५,५३६. परीक्षेचे गुण लावताना हे कधीच दिसणार नाही. बँकेच्या शिलका किंवा वेळेचे शिक्के लावताना दिसेल.

बरोबर लिहिण्याची पद्धत: रिटर्न (अ > ब) - (अ < ब), याने उत्तर उणे एक, शून्य किंवा एक येतं आणि ओव्हरफ्लो होतच नाही. डबलसाठी तर हीच पद्धत वापरा, कारण ०.५ हा फरक इंट म्हणून परत केला की शून्य होतो आणि ७२.५ टक्के व ७२ टक्के सारखे ठरतात.

चौथी गोष्ट, सुसंगती. काही जण ‘रिटर्न अ > ब’ एवढंच लिहितात. म्हणजे उत्तर एक किंवा शून्य. ‘लहान’ असं कधी येतच नाही. अ मोठा की ब मोठा या प्रश्नाला एका दिशेने ‘मोठा’ आणि दुसऱ्या दिशेने ‘समान’ असं उत्तर मिळतं. लहान ॲरेवर चालून जातं, मोठ्यावर बिघडतं. प्रमाणाची अट आहे की तुलना फंक्शनने तेच दोन घटक दिल्यावर सुसंगतच उत्तर द्यावं. अ हा ब पेक्षा लहान आणि ब हा क पेक्षा लहान, तर अ हा क पेक्षा लहान ठरलाच पाहिजे.

ही नुसती पुस्तकी अट नाही. जानेवारी २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की ग्लिबसीच्या (लिनक्सवरच्या सीच्या नेहमीच्या लायब्ररीच्या) क्यूसॉर्टला असं विसंगत तुलना फंक्शन दिलं आणि त्याच वेळी त्याला हवी तेवढी मेमरी मिळाली नाही, तर ते ॲरेच्या हद्दीबाहेर वाचू-लिहू शकतं. सप्टेंबर १९९२ च्या १.०४ पासून २.३८ पर्यंतच्या आवृत्त्या त्यात येत होत्या. त्यांनी दिलेलं विसंगत तुलनेचं उदाहरण साध्या वजाबाकीचंच होतं. ग्लिबसीच्या मंडळींनी दोष मुळात तुलना फंक्शनचा मानला, आणि प्रमाणाच्या दृष्टीने ते खरं आहे. क्यूसॉर्टला दिलेलं फंक्शन ही तुमची जबाबदारी आहे.

प्रत्येक कास्ट काढून बघा

फंक्शन पाठवण्याच्या ओळीत कास्ट दिसला की मी तो आधी खोडतो आणि कंपाइल करतो. जी वॉर्निंग बाहेर येते तीच बहुतेक वेळा बिघाडाचं नाव असते. कोणीतरी ती गप्प करण्यासाठीच कास्ट लावलेला असतो.

फंक्शन पॉइंटर दुसऱ्या प्रकारात कास्ट करून ठेवायला आणि परत मूळ प्रकारात आणायला सी परवानगी देतं. पण न जुळणाऱ्या प्रकारातूनच ते फंक्शन *बोलावलं* तर वर्तन अनिश्चित. मग तुमच्या लॅपटॉपवर ते चालतं कसं? इंटेल-एएमडीच्या ६४ बिट लिनक्सवर पहिली सहा पूर्णांक किंवा पॉइंटर आर्ग्युमेंट ठरलेल्या रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या छोट्या जागांतून) जातात. एक जास्तीचं आर्ग्युमेंट पाठवलं तर ते एखाद्या रजिस्टरात पडून राहतं, कोणी बघत नाही, आणि सगळं ठीक वाटतं. इंटच्या जागी डबल असेल तर मात्र ते वेगळ्या जातीच्या रजिस्टरांतून जातं आणि फंक्शनला कचरा मिळतो.

वेबअसेंब्लीत अशी मोकळीक नाही. तिथे पॉइंटरमधून बोलावताना फंक्शनचा प्रकार तपासला जातो आणि जुळला नाही की प्रोग्राम तिथेच थांबतो. ॲपलच्या एआरएम ६४ मशीनवर प्रिंटएफसारख्या, बदलत्या संख्येने आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनची वाढीव आर्ग्युमेंट स्टॅकवरून जातात, रजिस्टरांतून नाही. त्यामुळे प्रिंटएफला साध्या प्रकारात कास्ट करून दिलं तर इंटेलवर चालणारा कोड तिथे कचरा छापतो. लिनक्स कर्नलमध्येही टायमरचे कॉलबॅक पूर्वी अनसाइन्ड लाँग घ्यायचे आणि प्रत्येक ड्रायव्हर आत तो पॉइंटरमध्ये कास्ट करायचा. २०१८ च्या सुरुवातीला आलेल्या ४.१५ आवृत्तीपर्यंत शेकडो ठिकाणी बदल करून ती जुनी पद्धत काढून टाकली गेली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाने ते कष्ट घेतले यावरून ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते कळतं.

दुरुस्ती: कास्ट काढा आणि मध्ये एक छोटं रॅपर फंक्शन लिहा. त्याचे पॅरामीटर घेणाऱ्याला हवेत अगदी तसेच, आणि आत तुमच्या मूळ फंक्शनला योग्य प्रकाराने कॉल. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर याचा खर्च नगण्य असतो. जीसीसी ८ पासून असे संशयास्पद कास्ट दाखवणारी वॉर्निंग डब्ल्यू-एक्स्ट्रामध्येच येते.

फंक्शनबरोबर गेलेला डेटा जिवंत आहे का

कॉलबॅक बरोबर, प्रकार बरोबर, तरी आकडे भलतेच. आता कॉलबॅकबरोबर डेटा म्हणून दिलेल्या व्हॉइड पॉइंटरकडे बघा.

नेहमीचा नमुना: फॉर लूपमध्ये दहा थ्रेड सुरू केले आणि प्रत्येकाला &आय दिलं. सगळ्यांना एकाच आयचा पत्ता मिळाला. थ्रेड वाचायला येईपर्यंत आय पुढे गेलेला असतो. यात दिसणारा आकडा दर वेळी बदलतो, म्हणून लोक याला ‘कधीकधी येणारा बग’ म्हणतात. तो प्रत्येक वेळी असतो, दिसतो कधीकधी. क्रमांकांचा वेगळा ॲरे करा, प्रत्येक थ्रेडला त्यातला आपापला पत्ता द्या, आणि सगळे थ्रेड जॉइन होईपर्यंत तो ॲरे जिवंत राहील असं बघा.

दुसरा नमुना: फंक्शनमधल्या लोकल स्ट्रक्चरचा पत्ता टायमरला किंवा इव्हेंट लूपला देऊन फंक्शन परत आलं. कॉलबॅक नंतर चालतो तेव्हा ती जागा दुसऱ्या कोणाचीतरी झालेली असते. क्यूसॉर्ट लगेच, परत येण्याआधीच कॉलबॅक चालवतं, त्यामुळे तिथे हे चालतं. नंतर चालणाऱ्या कॉलबॅकला चालत नाही. लायब्ररीच्या माहितीत ‘केव्हा बोलावलं जाईल’ हे वाक्य शोधा. ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं कंपाइलरमधलं साधन, लावून एकदा चालवा. मालोकने घेतलेली आणि फ्री केलेली जागा वापरली तर तो ओळ क्रमांकासकट सांगतो. लोकलचा पत्ता पकडण्यासाठी स्टॅक-यूज-आफ्टर-रिटर्न हा त्याचा पर्याय चालू आहे ना, तेही बघा.

क्यूसॉर्टला असा जादा डेटा देता येत नाही, म्हणून लोक क्यूसॉर्ट-आरकडे वळतात. ग्लिबसीमध्ये तो डेटा तुलना फंक्शनला शेवटी मिळतो. जुन्या बीएसडी पद्धतीत, आणि मॅकवर, आधी. लिनक्सवर चालणारा कोड मॅकवर नेला आणि कोसळला, तर आर्ग्युमेंटांचा क्रम बघा.

जीडीबीत पत्ता बघा

इथवर काही सापडलं नाही तरच डीबगर उघडा. कंपाइल करताना जी फ्लॅग द्या, प्रोग्राम कोसळू द्या, आणि बीटी टाइप करा. कोणी कोणाला बोलावलं ती यादी दिसते.

वरच्या ओळीत पत्ता शून्य असेल तर पॉइंटर भरलाच गेला नव्हता. स्ट्रक्चरमध्ये पाच फंक्शन पॉइंटर होते आणि चारच भरले, किंवा क्रमाने भरताना एक सरकला. सी ९९ पासून नाव घेऊन भरता येतं, .उघड = माझंउघड, असं. ती सवय लावा, आणि जे पर्यायी आहेत ते बोलावण्याआधी नल आहेत का तपासा. बीटीमधल्या दुसऱ्या ओळीत कोणी बोलावलं ते बहुतेक वेळा दिसतंच.

पत्ता शून्य नाही पण विचित्र आहे, आणि हेक्समध्ये ४१४१४१४१ सारखा दिसतोय? ४१ म्हणजे आस्की संकेतातलं कॅपिटल ‘ए’. कुठलीतरी स्ट्रिंग आपली जागा ओलांडून फंक्शन पॉइंटरवर लिहिली गेली आहे. बिघाड आता फंक्शन पाठवण्यात नाही, बफरमध्ये आहे. सॅनिटायझर लावा. नव्या क्लँगमध्ये पॉइंटरमधून चुकीच्या प्रकाराने बोलावलेलं फंक्शन पकडणारा वेगळा सॅनिटायझरही आहे, तोही एकदा चालवा.

३२ बिट विंडोजवर एक जादा तपासणी: कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे आर्ग्युमेंट कशी द्यायची आणि स्टॅक कोणी साफ करायचा याचा ठराव. विंडोजच्या एपीआयला दिलेले कॉलबॅक एसटीडीकॉल असावे लागतात, क्यूसॉर्टला सीडेक्ल लागतो. व्हिज्युअल स्टुडिओने डीबग बिल्डमध्ये ‘ईएसपीची किंमत नीट राखली गेली नाही’ अशा अर्थाचा संदेश दिला तर हेच. बहुतेक वेळा तिथेही कोणीतरी कास्ट लावून ठेवलेला असतो. ६४ बिटवर हा फरक उरत नाही.

आणि जीसीसीची नेस्टेड फंक्शन्स, म्हणजे फंक्शनच्या आत लिहिलेली फंक्शन्स, कॉलबॅक म्हणून देऊ नका. आतलं फंक्शन बाहेरचे व्हेरिएबल वापरत असेल तर जीसीसी स्टॅकवर कोडचा छोटा तुकडा तयार करतो आणि त्यासाठी स्टॅक एक्झिक्युटेबल लागतो. ज्या सिस्टिमवर तो बंद असतो तिथे प्रोग्राम कोसळतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

चार परिस्थितींत स्वतः पुढे जाऊ नका.

एक, फंक्शन पॉइंटरवर बाहेरून आलेला डेटा लिहिला गेल्याचं दिसतंय आणि प्रोग्राम नेटवर्कवर किंवा लोकांच्या वापरात आहे. ही सुरक्षेची बाब आहे. सर्व्हर रीस्टार्ट करून पुरावा घालवू नका. कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची नक्कल) जपून ठेवा आणि सुरक्षा बघणाऱ्या टीमला त्याच दिवशी कळवा.

दोन, कॉलबॅक इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने इशारा दिल्यावर चालणारं फंक्शन) आहे आणि बोर्ड गाडीत, वैद्यकीय उपकरणात किंवा कारखान्यातल्या मशीनवर बसलेला आहे. तिथे व्हेक्टर टेबल, स्टॅकची मर्यादा आणि वेळेचं गणित हे सगळं येतं. फर्मवेअरच्या अनुभवी इंजिनिअरशिवाय तिथे एकही ओळ बदलू नका, मग ती कितीही उघड चूक वाटो.

तीन, लायब्ररी तयार बायनरी स्वरूपात आलेली आहे, सोर्स नाही, आणि तिचं हेडर व बायनरी वेगवेगळ्या आवृत्तीचे वाटतात. हेडरमध्ये कॉलबॅकला दोन पॅरामीटर, बायनरी पाठवतेय तीन. अंदाजाने हेडर सुधारू नका. पुरवठादाराकडून जुळणारी जोडी मागवा.

चार, सगळ्या तपासण्या झाल्या, सॅनिटायझर गप्प आहे, आणि बिघाड फक्त ऑप्टिमायझेशन लावल्यावर येतो. कंपाइलरची चूक आहे असं वाटायला लागतं. असं क्वचितच असतं, पण ते ठरवायला असेंब्ली वाचता येणारं माणूस लागतं.

ज्याच्याकडे जाल त्याच्याकडे पूर्ण प्रोजेक्ट नेऊ नका. बिघाड दाखवणारी सर्वात छोटी फाइल, कंपाइलरचं नाव आणि आवृत्ती, दिलेले सगळे फ्लॅग, पहिल्या वॉर्निंगचा जसाच्या तसा मजकूर, आणि जीडीबीची बीटी एवढं न्या. कॉलबॅक देणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही फंक्शनच्या घोषणा एकाखाली एक लिहून ठेवा. अनुभवी माणूस आधी त्याच दोन ओळी मागतो, आणि त्या एकाखाली एक लिहिताना काही वेळा चूक तुम्हालाच दिसते.